‘शाळांना निधी, वर्गाला शिक्षक’: उमेदवाराच्या या दोन ओळी तपासायच्या कशा?

निवडणूक विधानसभेची असो की शिक्षक मतदारसंघाची, नागपूर जिल्ह्यातल्या प्रचारपत्रकांवर शिक्षणाच्या नावाखाली दोन ओळी हमखास असतात. शाळांना भरघोस निधी मिळवून देऊ, आणि शिक्षकांच्या रिक्त जागा तातडीने भरू. वाचणारा मान डोलावतो आणि पान उलटतो, कारण या ओळींना नाही म्हणण्यासारखं काही नसतं. अडचण तीच आहे. हा निधी कोणाच्या सहीने येतो, शिक्षकाची जागा रिक्त आहे हे कोण ठरवतं आणि त्यात आमदाराचा हात कुठपर्यंत पोचतो, हे कळल्याशिवाय या ओळी खऱ्या की खोट्या हे सांगताच येत नाही.

सरळच सांगायचं तर शाळेच्या निधीवर बोलणारे बहुतेक उमेदवार इमारतीबद्दल बोलतात, आणि शाळेचा खरा प्रश्न असतो पदाचा. पद कसं तयार होतं आणि कसं जातं, हे समजलं की बाकीचं निम्मं कोडं आपोआप सुटतं.

## भिंतींचा पैसा वेगळा, माणसांचा वेगळा

गावाच्या फाट्यावर आमदार निधीतून एसटीचा थांबा बांधलेला आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. छत, बाकडं, वर आमदारांचं नाव मोठ्या अक्षरांत. पण त्या थांब्यावर गाडी येईल की नाही, हे थांबा बांधणाऱ्याच्या हातात नसतं. गाडी, चालक, वाहक आणि डिझेल यांचा हिशेब आगारात होतो.

शाळेचंही तसंच. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकास निधी म्हणून वर्षाला 5 कोटी रुपये मिळतात. त्यातून वर्गखोली, संरक्षक भिंत, स्वच्छतागृह, संगणक अशी टिकाऊ कामं करता येतात. पगार देता येत नाही. समजा दिला, तरी पुरणार किती? जिल्हा परिषदेच्या शाळेत पूर्ण वेतनावर आलेल्या नव्या प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे महिन्याला 29,200 रुपये. वर्षाचे झाले 3,50,400. महागाई भत्ता, घरभाडं बाजूला ठेवलं तरी शंभर शिक्षकांचे साडेतीन कोटी होतात. जिल्ह्यातल्या शिक्षकांची संख्या हजारांत आहे. एकट्या आमदाराच्या खिशातून भागणारा हा खर्च नाही, तो राज्याच्या तिजोरीतूनच व्हावा लागतो.

म्हणून पत्रकात ‘निधी’ हा शब्द दिसला की पहिला प्रश्न हाच: थांब्याचा पैसा, की चालकाचा?

## पैसा शाळेपर्यंत पोचतो कसा

पेंचचं पाणी नागपूरच्या नळाला कसं येतं, ते आठवा. धरण भरलेलं असतं, तरी गल्लीतला नळ कोरडा राहू शकतो, कारण मध्ये शुद्धीकरण केंद्र, मोठी जलवाहिनी, वस्तीतला जलकुंभ आणि व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस एवढं सगळं येतं.

शाळेच्या पैशाचं धरण म्हणजे राज्याचा अर्थसंकल्प. मार्चमध्ये शालेय शिक्षण विभागाची मागणी विधानसभा मंजूर करते. ती वेगवेगळ्या लेखाशीर्षांत, म्हणजे सरकारी वहीतल्या खात्यांत, विभागलेली असते: जिल्हा परिषद शिक्षकांचं वेतन एका खात्यात, खासगी अनुदानित शाळांचं दुसऱ्यात, अशी. एका खात्यातला पैसा दुसऱ्या खात्यात सहज वळवता येत नाही. तिथून तो पुण्यातल्या शिक्षण संचालनालयांकडे, मग विभागीय उपसंचालक, शिक्षणाधिकारी आणि वेतन पथक असा उतरतो. शिक्षकांची वेतन देयकं ‘शालार्थ’ या संगणक प्रणालीवर तयार होतात. शालार्थमध्ये ज्याचा क्रमांक, त्याचाच पगार. 2025 मध्ये नागपूर विभागात उघड झालेलं प्रकरण याच टप्प्यावरचं होतं. बोगस शालार्थ आयडी तयार करून पगार उचलल्याचे आरोप झाले, अटकाही झाल्या. धरणात पाणी कमी असल्याची ओरड चालू असताना जलवाहिनीलाच भोक होतं, असा तो प्रकार.

वेतनाबाहेरचा पैसा दुसऱ्या वाटेने येतो. समग्र शिक्षा ही केंद्राची योजना 2018-19 पासून आहे. तिच्यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के. यातून शाळेला पटाप्रमाणे वार्षिक अनुदान मिळतं. पट म्हणजे हजेरीपत्रकावरची मुलं. योजनेच्या निकषांप्रमाणे 31 ते 100 पटाला 25,000 रुपये, 101 ते 250 पटाला 50,000, 251 ते 1000 पटाला 75,000 आणि त्याहून मोठ्या शाळेला एक लाख. साठेक मुलांच्या शाळेच्या वाट्याला महिन्याला दोन हजारांच्या आसपास येतात. त्यातच वीजबिल, खडू, नोंदवह्या, नळाची दुरुस्ती, फुटलेली काच. किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च झाले पाहिजेत, हीही अट आहे. हे पैसे बऱ्याचदा हप्त्यांत आणि वर्ष संपत आल्यावर येतात. जूनमध्ये घ्यायचा खडू मार्चच्या पैशातून घ्यायचा म्हटल्यावर मधले नऊ महिने मुख्याध्यापकाचा स्वतःचा खिसाच कामी येतो. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा कशावर खर्च झाला याचा दाखला, गेलं नाही, तर पुढचा हप्ता अडतो.

शहरातल्या वाचकासाठी एक जोड. नागपूर महापालिकेच्या घरपट्टीच्या बिलात राज्य शिक्षण उपकर अशी एक ओळ असते. 1962 च्या कायद्याने लावलेला हा उपकर महापालिका गोळा करते, पण तो जातो राज्य सरकारकडे. आपण भरलेला शिक्षणाचा पैसा आपल्या वॉर्डातल्या मनपा शाळेत थेट उतरतो, असं समजू नका.

## शिक्षक मंजूर होतो तो 30 सप्टेंबरला

आता मुख्य गाठ. दरवर्षी शाळेतल्या पटाची मोजणी होते आणि त्यावरून त्या शाळेला किती शिक्षक मंजूर, हे सरकार ठरवतं. या कागदाला म्हणतात संचमान्यता. मोजणीची तारीख 30 सप्टेंबर, आणि मोजली जातात ती आधार पडताळणी झालेली मुलं. रेशनकार्डावर जितकी नावं, तितकंच धान्य मिळतं ना, तसाच हा हिशेब.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी सूत्र दिलं आहे. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार, त्यापुढे 200 पर्यंत पाच. दीडशेच्या वर मुलं असतील तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद. सहावी ते आठवीला वर्गामागे किमान एक शिक्षक हवा, 35 मुलांमागे एक हवा आणि गणित-विज्ञान, भाषा व सामाजिक शास्त्रं यांना स्वतंत्र शिक्षक हवेत.

कुही किंवा भिवापूरकडची पाचवीपर्यंतची एक शाळा डोळ्यांसमोर आणा. पट 63, शिक्षक तीन. जूनमध्ये दोन मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसायला लागली. उरली 61. तिसऱ्या एका मुलीचं नाव दाखल्यावर वेगळं आणि आधारवर वेगळं. पाचव्या वर्षी करायचं बोटांच्या ठशांचं अद्ययावतीकरणही राहिलेलं. ती रोज शाळेत येते, वर्गात पाढे म्हणते, खिचडी खाते. मोजणीत मात्र ती नाही. पट 60. तिसरं पद गेलं.

कमी झाली तीन मुलं, पण कामाची वाटणी पार बदलते. पाच वर्ग, दोन शिक्षक. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी-पाचवी दुसरीत. मुख्याध्यापकाचं वेगळं पद नाही म्हणून दोघांपैकी एकाकडे प्रभार. त्याने रोजचा पोषण आहार नोंदवायचा: मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सगळी हजर असली तर सहा किलो, शिवाय डाळ, तेल आणि ऑनलाइन भरायचा आकडा. पंचायत समितीत बैठक लागली की तो तिकडे. त्या दिवशी साठ मुलं (कागदावर; प्रत्यक्षात एकसष्ट) आणि एक बाई. पालकांना दिसतं ते एवढंच की शिकवणं होत नाही. पुढच्या जूनमध्ये आणखी चार मुलं पिवळ्या गाडीत.

गेलेलं पद परत मिळवणं गमावण्याइतकं सोपं नसतं. राज्याने 15 मार्च 2024 ला संचमान्यतेचे निकष नव्याने ठरवले. लहान पटाच्या शाळांची, विशेषतः सहावी ते आठवीच्या वर्गांची पदं त्यामुळे जातात, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप आहे आणि त्यावर वाद अजून पेटलेला आहे. उमेदवाराला या एका शासन निर्णयाबद्दल काय वाटतं, हे विचारलं तरी तो विषय वाचून आला आहे की नाही ते दोन मिनिटांत कळतं. संचमान्यतेने पद उडवलं तर ती जागा रिक्त दिसतच नाही. आणि जी रिक्त नाही ती ‘तातडीने भरू’ म्हणणाऱ्याला भरताही येत नाही.

## आपल्याकडे शिक्षक ‘टिकत नाही’ म्हणजे काय

परदेशातल्या बातम्यांत शिक्षक नोकरी सोडून दुसरं काम धरतात. आपल्याकडे सरकारी शाळेतले गुरुजी सहसा नोकरी सोडत नाहीत. ते गाव सोडतात, जिल्हा सोडतात, किंवा नोकरीत राहूनच वर्गातून नाहीसे होतात. प्रत्येकाचं कारण निराळं, म्हणून इलाजही निराळा.

सुरुवातीची तीन वर्षं. जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत लागलेला नवा शिक्षक आधी तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. काम पूर्ण शिक्षकाचं, हातात पगाराऐवजी मानधन. वर्षानुवर्षं प्राथमिकला हे मानधन 6,000 होतं. जानेवारी 2023 पासून ते प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 झालं. पूर्ण वेतनाच्या नुसत्या मूळ पगाराशी तुलना केली तरी प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला 13,200 कमी मिळतात. तीन वर्षांत 4,75,200 रुपये. इथवर पोचायला त्याने डी.एड. केलेलं असतं, पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी दिलेली असते, मग 200 गुणांची अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, पसंतीक्रम. अभियोग्यता चाचणी 2017 नंतर थेट 2023 मध्ये झाली आणि त्यानंतर 2025 मध्ये. मधल्या काळात अनेकांचं वय तिशीपार गेलं. नोकरी मिळते तेव्हा घरी लेकरू असतं आणि मानधनात खोलीभाडं भागत नाही.

बदलीचं वेड. याला वेड म्हटलं तरी त्यामागे हिशेब आहे. पवित्र पोर्टलवर गुणवत्तेप्रमाणे मिळेल तो जिल्हा घ्यावा लागतो. दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातला उमेदवार गडचिरोलीत लागतो आणि पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीची वाट पाहतो. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला वरच्या पदाची वेतनश्रेणी देणारी ‘एकस्तर’ योजना 2002 पासून आहे, पण तिने माणूस तिथे रुजतो असं दिसत नाही. कारण अडचण पैशाइतकीच दवाखान्याची, जोडीदाराच्या नोकरीची आणि स्वतःच्या मुलांच्या शाळेची असते.

नागपूर जिल्ह्यात याचंच छोटं रूप म्हणजे अपडाऊन. घर मानेवाड्यात किंवा हुडकेश्वरला, शाळा देवलापारच्या पुढे. नियम सांगतो मुख्यालयी राहा. घरभाडं भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो, म्हणून कागदावर सगळे गावातच राहतात. गावात भाड्याने घ्यायला संडास असलेली खोली नसते, हे ठराव करणाऱ्या ग्रामसभेलाही ठाऊक असतं. आमदार निधीच्या थांब्यावर आपण वर टीका केली, पण शाळेजवळ दोन शिक्षक निवासं बांधली आणि ती राहण्याजोगी ठेवली, तर भिंतींचा हा पैसा माणूस टिकवायला उपयोगी पडू शकतो. हे पत्रकावर क्वचितच दिसतं.

अनुदानाचा टप्पा. खासगी संस्थांच्या शाळांचा हा स्वतंत्र पेच आहे. 2001 मध्ये राज्याने ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानगी देणं सुरू केलं. 2009 मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द काढला आणि या शाळा अनुदानाच्या रांगेत आल्या. अनुदान मिळतं ते 20, 40, 60, 80 अशा टप्प्यांनी, आणि प्रत्येक टप्प्यासाठी नवा निर्णय, नवी तरतूद, नवी तपासणी. चाळीस टक्क्यांवर असलेल्या शाळेतला बी.एड. शिक्षक घ्या. माध्यमिकचं सुरुवातीचं मूळ वेतन 38,600. त्याचे चाळीस टक्के 15,440. उरलेले साठ टक्के संस्थेने द्यायचे असतात. किती संस्था देतात, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. हिवाळी अधिवेशनाच्या काळात यशवंत स्टेडियमजवळ मंडप टाकून बसणाऱ्यांमध्ये हे लोक नेमाने असतात. विनाअनुदानित इंग्रजी शाळांचं तर विचारूच नका. तिथे शिक्षिका खरोखरच नोकरी सोडतात, आणि दिवाळीनंतर वर्गाला नव्या बाई येतात.

वर्गातूनच गायब. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला जुंपायचं नाही. त्या ‘निवडणुका’ शब्दात मतदार यादीचं बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम येतं आणि तेच वर्षभर चालतं. उरलेला वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात. गंमत अशी, की ही माहिती ‘शैक्षणिक’ समजली जाते.

टीईटीचं सावट. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सेवेची पाच वर्षांहून अधिक उरलेल्या, पण टीईटी नसलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची, नाहीतर नोकरी जाणार. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सूट आहे, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा आलीच. वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या बाई संध्याकाळी बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवत बसल्या असतील तर त्याचं कारण हे आहे. ‘शिक्षकांना सेवासंरक्षण देऊ’ असं म्हणणाऱ्या उमेदवाराने एवढं तरी सांगावं, की सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापुढे राज्याचा आमदार ते कोणत्या वाटेने देणार आहे.

## ‘पगार तर भरपूर आहे, मग रड कशाची?’

हा आक्षेप पारावर हमखास निघतो, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. दहा-पंधरा वर्षं झालेल्या जिल्हा परिषद शिक्षकाचा पगार गावातल्या बहुतेकांपेक्षा चांगला असतो. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणीची सोयही आहे.

पण ‘शिक्षक’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळे पगार आहेत: पूर्ण वेतनाचा, शिक्षणसेवकाचा, टप्पा अनुदानावरचा आणि तासिका तत्त्वावरचा. एकाच स्टाफरूममध्ये शेजारी बसलेल्या दोघांच्या पगारांत तिपटीचा फरक असू शकतो. शिवाय 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू नाही. मार्च 2023 मध्ये 14 तारखेपासून 20 तारखेपर्यंत राज्यभर जो संप झाला, तो याच मागणीसाठी. सरकारी नोकरी माणसाला धरून ठेवायची ती बहुतांशी म्हातारपणाच्या भरवशावर. तो सैल झाला की दुर्गम गावात वर्षं काढायचं कारणही सैल होतं. जुनी पेन्शन दिली तर तिजोरीवर पडणारा बोजा पुढच्या पिढीने उचलायचा, हा अर्थ खात्याचा मुद्दा मात्र खोडून काढण्यासारखा नाही. उमेदवार पेन्शनचं आश्वासन देत असेल तर पैसा कुठून, हे त्यालाच विचारायला हवं.

## ‘मुलंच नाहीत, तर पदं कशाला?’

आठ-दहा मुलांसाठी दोन शिक्षक ठेवणं परवडत नाही, हा युक्तिवाद हिशेबात बरोबर दिसतो. 2023 मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला, तो यातूनच. मोठी शाळा, प्रत्येक वर्गाला शिक्षक, क्रीडांगण, प्रयोगशाळा; कल्पना वाईट नाही.

ती अडते रस्त्यावर. पारशिवनी-रामटेकच्या जंगलपट्ट्यात पहिलीतल्या मुलीला तीन-चार किलोमीटर न्यायचं तर गाडी हवी, पावसाळ्यात नाला ओलांडायची सोय हवी. गाडी बंद पडली की सर्वात आधी मुलींची शाळा सुटते. समूह शाळेच्या बाजूने बोलणाऱ्या उमेदवाराकडून वाहतुकीचा खर्च कोणत्या खात्यातून, हे लेखी घ्या. तो विरोधात बोलत असेल, तर दोन शिक्षकांनी पाच वर्ग कसे शिकवायचे, हे विचारा. नुसती ‘एकही शाळा बंद होऊ देणार नाही’ ही घोषणा दिली की टाळ्या पडतात, पण शाळा उघडी असणं आणि चालणं यांतला फरक तिथल्या पालकांना कळतो.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी 25 टक्के राखीव जागा दिल्या आहेतच, असंही कोणी म्हणेल. त्या जागांसाठी राज्य शाळेला एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये परत देतं, आणि ती परतफेड थकते म्हणून शाळा कुरकुरतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट देणारा बदल झाला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये रद्द केला.

## आमदाराच्या हातात खरंच काय असतं

बरंच असतं, फक्त ते पत्रकावर छापण्याइतकं चमकदार नसतं.

एकटा आमदार नवा खर्च मंजूर करून घेऊ शकत नाही. सरकारी पैशाचं विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय येत नाही, ते सरकारच आणतं. पण मार्चमध्ये शिक्षणाच्या मागणीवर मतदान होतं तेव्हा कपात सूचना, म्हणजे मागणीतली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, देऊन तो नेमका प्रश्न लावून धरू शकतो. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, म्हणजे वर्षाच्या मध्यात मागितलेला जादा पैसा. टप्पा अनुदानाची तरतूद मार्चमध्ये राहून गेली असेल, तर ती दारं इथे पुन्हा उघडतात. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं, आणि त्यासाठी खात्याला जिल्ह्याची आकडेवारी काढावी लागते. लक्षवेधी सूचनेचंही तसंच.

शिक्षक मतदारसंघाचं गणित थोडं वेगळं. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी सात शिक्षकांच्या आहेत. नागपूर विभागाच्या जागेत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. राज्यघटनेप्रमाणे इथे मत देता येतं ते माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनाच. ज्या दोन शिक्षकी शाळेची गोष्ट वर सांगितली, तिथल्या प्राथमिक गुरुजींना ‘शिक्षक’ आमदाराच्या निवडणुकीत मतच नाही. या निवडणुकीच्या प्रचारात टप्पा अनुदान आणि पेन्शन गाजतं, प्राथमिकची संचमान्यता मागे पडते, याचं एक कारण हे असावं. आणि अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर मत फक्त विधानसभा देते. धन विधेयक परिषद फार तर चौदा दिवस रोखू शकते. म्हणून परिषदेचा उमेदवार ‘बजेट वाढवून आणतो’ म्हणाला, तर ऐकून घ्या आणि पुढचा प्रश्न विचारा.

## मग विचारायचं काय?

पाच-सहा प्रश्न पुरतात, पण ते आकड्यांचे हवेत. आपल्या तालुक्यात मंजूर पदं किती आणि भरलेली किती? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 26 प्रमाणे कोणत्याही शाळेत रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नयेत. ज्या शाळा त्या रेषेच्या पलीकडे आहेत, त्यांची यादी तुमच्याकडे आहे का? आधारच्या घोळामुळे मोजणीतून सुटलेल्या मुलांसाठी ऑगस्टमध्ये शिबिर लावाल का? हे काम फुकटातलं आहे आणि एखादं पद वाचवू शकतं. शिक्षणसेवकाचा काळ तीनवरून एक वर्षावर आणायला तुमचा पाठिंबा आहे का, असेल तर त्याचा वाढीव खर्च किती धरला आहे? आमदार निधीच्या पाच कोटींतले किती शिक्षक निवासांना?

हे विचारायला हातात कागद लागतो. तो शाळेतच असतो. संचमान्यतेची प्रत मुख्याध्यापकांकडे मिळते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे ती प्रत बघायला माहिती अधिकाराचा अर्जही लागत नाही, बैठकीत मागितली की झालं. याच समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि कलम 22 म्हणतं की सरकारने अनुदानाचं नियोजन त्या आराखड्यावरून करावं. बहुतेक शाळांत तो शेजारच्या शाळेच्या आराखड्यावरून उतरवलेला असतो, नाव तेवढं बदललेलं. कधी कधी तेही राहून जातं. उमेदवार गावात येईल तेव्हा हा आराखडा आणि संचमान्यता एका पिशवीत घालून न्या. त्याने दोन्ही कागद उघडून बघितले, तर पुढचं बोलणं होऊ शकतं.